खोलीला शैली द्यायची, तर आधी काय आणि नंतर काय

खोली सजवायला घेतली की बहुतेक जण उशांच्या अभ्र्यांपासून सुरुवात करतात. मग एखादा दिवा येतो, दोन फ्रेम येतात, एक छोटा गालिचा येतो. सोफा, पडदे, भिंतीचा रंग अशा मोठ्या गोष्टींची वेळ येते तेव्हा त्यांना या छोट्या वस्तूंशी जुळवून घ्यावं लागतं आणि एकाच खोलीत तीन शैली दाटीवाटीने बसतात. वस्तू सगळ्या चांगल्या असतात, क्रम तेवढा उलटा झालेला असतो. म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच घ्या, आणि एक टप्पा पुरा होईपर्यंत पुढच्या टप्प्याची खरेदी करू नका.

टप्पा १: खोली मोजा

पाच मीटरची टेप, आलेखाचा कागद, पेन्सिल आणि स्पिरिट लेव्हल एवढं पुरे. लांबी-रुंदी जमिनीलगत एकदा आणि कमरेच्या उंचीवर एकदा मोजा. भिंती वर-खाली सारख्या असतीलच असं नाही. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तर खोली गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कपाट थेट बसणार नाही, बाजूला पट्टी लावावी लागेल, हे सुताराला आधीच सांगा.

खिडकीची चौकट, तिची जमिनीपासूनची उंची, तिच्या दोन्ही बाजूंना उरणारी भिंत, दार कुठल्या बाजूला आणि किती उघडतं, बीम, स्विचबोर्ड, पंखा, एसी हे सगळं नोंदवा. एक सेंटिमीटर म्हणजे वीस सेंटिमीटर या प्रमाणात नकाशा काढा. नंतर चारही कोपऱ्यांतून खोलीचे फोटो काढा. डोळ्यांना रोज दिसून न दिसणाऱ्या गोष्टी, लोंबणाऱ्या वायरी, कपाटावरच्या पेट्या, फोटोत लगेच उठून दिसतात.

तपासणी: खोलीच नाही, खोलीपर्यंतची वाटही मोजा. मुख्य दार, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची. खोलीत बसणारा सोफा जिन्यात अडकतो तो याच कारणाने.

टप्पा २: जे बदलणार नाही ते आधी मान्य करा

फरशी, खिडकीची दिशा, छताची उंची आणि दारांचा रंग या चार गोष्टी बहुतेक वेळा तशाच राहणार असतात. शैली यांच्याशी जुळणारी हवी. लोक उलट करतात: शैली फोटोवरून ठरवतात आणि फरशी त्या चित्रातच नाही असं समजून चालतात.

फरशीचा रंग नीट ओळखायचा एक सोपा उपाय आहे. शुद्ध पांढरा कागद फरशीवर ठेवा आणि दिवसाच्या उजेडात बघा. एरवी पांढरी किंवा राखाडी वाटणारी फरशी कागदाशेजारी पिवळी, गुलाबी किंवा हिरवट दिसायला लागते. ही जी झाक दिसते, ती पुढच्या प्रत्येक निवडीत लागणार आहे; वहीत लिहून ठेवा.

समजा खोली तीन बाय साडेतीन मीटरची आहे, फरशी बिस्किटी, पिवळ्या झाकेची, आणि मनात आहे ती स्कँडिनेव्हियन, म्हणजे स्वीडन-डेन्मार्ककडची फिकट, साधी शैली. फोटोंत पाहून भिंतीला निळसर राखाडी रंग दिला तर तो रंग या फरशीशेजारी थंड आणि मळका दिसतो, आणि फरशी असते त्याहून जास्त पिवळी वाटते. त्याच खोलीत किंचित मलईकडे झुकणारा पांढरा, मधाळ झाकेचं फिकट लाकूड आणि ओटमील रंगाचं जाडसर कापड घेतलं की फरशी त्या शैलीचाच भाग वाटते. शैली तीच राहिली, फक्त तिची उबदार बाजू घेतली. प्रत्येक शैलीला अशी उबदार आणि थंड बाजू असते. कुठली घ्यायची ते फरशी सांगते.

उजेडाचंही तसंच. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा, जरा निळसर उजेड येतो. तिथे राखाडी रंग जास्त उदास दिसतात. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी नारिंगी उजेड येतो आणि पिवळे रंग त्या वेळी भडक होतात.

टप्पा ३: शैली निवडा, आणि ती पाच निर्णयांत उतरवा

आवडलेले फोटो गोळा करायला हरकत नाही, पण त्यांतल्या वस्तू बघू नका. रेषा बघा: सरळ की गोलाई? साहित्य बघा: कुठलं लाकूड, कुठला धातू, कापड कसं? रंगांतला गडद-फिकट फरक जोरदार आहे की हलका? वस्तूंची दाटी किती? उजेड कुठून, किती उंचीवरून येतो? ही पाच उत्तरं कागदावर एकेका ओळीत लिहिता आली तरच शैली ठरली असं समजा. बहुतेक फोटो वाइड अँगल लेन्सने, भर दिवसा काढलेले असतात हेही लक्षात असू द्या. त्यांतली खोली दिसते तेवढी मोठी नसते.

स्कँडिनेव्हियन: फिकट भिंती, फिकट लाकूड, लोकर आणि सुती कापडाचा जाणवणारा पोत, आणि ठिकठिकाणी खाली ठेवलेले छोटे दिवे. लोक पांढऱ्या भिंती आणि लाकूड घेतात, पोत आणि दिवे विसरतात. मग खोली दवाखान्यासारखी दिसते.

जपानी आणि स्कँडिनेव्हियन यांच्या मेळातून आलेली जपान्डी याहून ठेंगणी आणि गडद असते. फर्निचर जमिनीलगत, रंग मातीचे, वस्तू मोजक्या.

मिड-सेंच्युरी मॉडर्न, म्हणजे साधारण १९४५ ते १९७० या काळातल्या फर्निचरची शैली, ओळखू येते ती खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पायांवरून आणि सागवान किंवा अक्रोडाच्या लाकडावरून. फर्निचरखालून जमीन दिसते, म्हणून छोटी खोली मोकळी वाटते. पण सोफा, खुर्च्या, टेबल, कपाट या सगळ्यांनाच असे पाय दिले तर जमिनीवर काड्यांची गर्दी होते. एखादी वस्तू भरीव, थेट जमिनीवर बसणारी हवीच.

इंडस्ट्रियलमध्ये उघडी वीट, काळं लोखंड, काँक्रीट आणि उघडे पाइप येतात. या शैलीला उंची लागते. छत २.७ मीटरहून कमी असेल तर ते काळं करू नका. काळा रंग बारीक रेषांतच आणा, उदाहरणार्थ खिडकीची चौकट, दिव्याची दांडी, टेबलाचे पाय. विटांचा छापील वॉलपेपर जवळून फसतो. त्यापेक्षा एखादी खरी खरबरीत भिंत किंवा चुन्याचा गिलावा कितीतरी चांगला.

बोहेमियन शैलीत सगळं चालतं असा समज आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त फसते. नक्षी भरपूर असू द्या, पण एक नक्षी मोठी, एक मध्यम, एक बारीक अशी घ्या; सगळ्या एकाच आकाराच्या असल्या की डोळा कुठेच थांबत नाही. आणि एखादा रंग खोलीत किमान तीन ठिकाणी परत दिसू द्या.

क्लासिक किंवा पारंपरिक शैली समतोलावर उभी असते: मधोमध पलंग, दोन्हीकडे सारखी टेबलं, भिंतीवर पट्ट्यांच्या चौकटी. दार किंवा खिडकी एका कडेला असेल तर हा समतोल ओढूनताणून आणावा लागतो. भिंतीवर चौकटी करायच्या असतील तर भिंत आधी ओळंब्यात, म्हणजे उभी सरळ, आहे का ते बघा. सरळ पट्टी वाकडी भिंत लपवत नाही, उघडी पाडते. आर्ट डेकोचंही हेच: पितळ, भौमितिक आकार आणि चकचकीत पृष्ठभाग यांना अगदी सपाट भिंत लागते.

मिनिमल शैली स्वस्त आणि सोपी समजली जाते. माझ्या मते ती सर्वांत अवघड. काही लपवायला वस्तूच नसल्याने प्रत्येक सांधा, प्रत्येक फट, प्रत्येक स्विच दिसतो. कारागिरी उत्तम लागते आणि बंद साठवण भरपूर लागते. घरातलं सामान कमी करायची तयारी नसेल तर ही शैली निवडू नका.

सावध राहा: दोन शैली एकत्र करायच्या असतील तर एक मुख्य, साधारण ऐंशी टक्के, आणि दुसरी पाहुणी. निम्मी-निम्मी वाटणी केली की खोली अर्धवट आवरल्यासारखी दिसते. लाकडाच्या दोन, फार तर तीन छटा, आणि धातू दोनच.

टप्पा ४: खोल्या वेगळ्या, घर एक

प्रत्येक खोलीला वेगळी शैली देणार असाल तर हा टप्पा ओलांडून जाऊ नका. एका खोलीच्या दारात उभं राहिलं की दुसऱ्या खोलीचा तुकडा दिसतो. दोन शैली खऱ्या तिथेच भेटतात. प्रत्येक दारात उभं राहून काय काय एकदम दिसतं ते नकाशावर बाणांनी काढा. जिथे दोन खोल्या एका नजरेत येतात तिथे एक तरी रंग दोन्हीकडे असू द्या. एका खोलीत तो भिंतीवर असेल, दुसरीत नुसता खुर्चीच्या कापडात, तेवढंही पुरतं.

याशिवाय चार गोष्टी घरभर सारख्या ठेवा: छताचा पांढरा, दारं आणि स्कर्टिंगचा (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीचा) रंग, दाराच्या कड्या-मुठींचा धातू आणि बल्बच्या उजेडाची छटा. एवढं सांभाळलं तर दिवाणखाना मिड-सेंच्युरी आणि झोपायची खोली जपान्डी असली तरी घर तुटक वाटत नाही. एकमेकींपासून फार दूरच्या शैली, म्हणजे बोहेमियन आणि मिनिमल, शेजारच्या उघड्या खोल्यांत नकोत. मध्ये बंद होणारं दार किंवा बोळ असेल तर चालतील.

टप्पा ५: जमिनीवर आखून बघा

घ्यायच्या फर्निचरची मापं काढा आणि ती मास्किंग टेपने फरशीवर चिकटवा. कपाट, टीव्ही अशा उंच वस्तूंसाठी भिंतीवरही टेप लावा. मग दोन-तीन दिवस त्या टेपच्या बाजूने चाला, वर पाय देऊ नका. अडचण कुठे होते ते नकाशापेक्षा पायांना लवकर कळतं.

मुख्य वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर सोडा. सोफा आणि समोरचं टेबल यांत ४० ते ४५ सेंटिमीटर. त्याहून कमी झालं तर गुडघे आपटतात, जास्त झालं तर कप ठेवायला वाकावं लागतं. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची ओढायला ७५ सेंटिमीटर तरी लागतात, मागून कुणी जाणार असेल तर ९०. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे ६०. बाहेर उघडणाऱ्या दारांच्या कपाटासमोर ९०.

मोठी चूक: सगळं फर्निचर भिंतींना चिकटवणं. मधे रिकामं मैदान उरतं आणि बसलेल्यांना मोठ्याने बोलावं लागतं. सोफा भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे घेतला आणि खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या तरी खोली बदलते.

टप्पा ६: दिवे कागदावर ठरवा, मग भिंती फोडा

दिव्यांचा विचार शेवटी करणं ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी चूक. रंग झाल्यावर पलंगाशेजारी पॉइंट हवा होता हे लक्षात येतं, आणि मग भिंत फोडा, नाहीतर वायर लोंबत ठेवा.

टेपने आखलेल्या फर्निचरवरून दिवे ठरवा. खोलीभर पसरणारा उजेड एक, कामाचा उजेड दुसरा (वाचणं, शिवणं, आरशासमोर तयार होणं), आणि एखादी भिंत, चित्र किंवा झाड उजळणारा तिसरा. तिन्हींची बटणं वेगळी घ्या. छताच्या मधोमध एकच जोरदार दिवा असेल तर कुठलीही शैली सपाट दिसते, कारण उजेड फक्त वरून येतो आणि कापडाचा, लाकडाचा पोत मरतो.

बल्ब घेताना डब्यावरचा केल्विनचा आकडा वाचा. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, ४००० च्या आसपासचा मधला, ६५०० चा निळसर पांढरा. बसायच्या आणि झोपायच्या खोल्यांना पहिला. एकाच खोलीत दोन छटा नकोत. सीआरआय हा आकडा ९० किंवा वर असेल तर रंग खरे दिसतात. उजेड कमी-जास्त करणारं बटण लावणार असाल तर त्याला चालणारा एलईडी बल्ब मागून घ्या, साधा फडफडतो.

जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर. वाचायच्या दिव्याची खालची कड बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला यावी, म्हणजे बल्ब डोळ्यांत जात नाही.

टप्पा ७: मळकी कामं, एका ओळीत

ओल आणि गळती, मग वायरिंग आणि प्लंबिंग, मग छत, मग फरशीचं काही असेल तर ते, मग सुतारकाम, मग लांबी (पुट्टी) आणि प्रायमर. रंगाचा पहिला हात टप्पा ८ मध्ये रंग ठरल्यावर, शेवटचा दिवे-पंखे बसल्यावर. सुतारकामाची धूळ ओल्या रंगावर बसली की तो खरबरीत होतो, म्हणून सुतार आणि रंगारी एकाच वेळी बोलावू नका.

तपासणी: भिंतीवर ओल दिसते का याची शंका असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतला दमटपणा आहे, खोलीत हवा खेळती ठेवा. भिंतीतून पाणी येत असेल तर कितीही भारी रंग दिला तरी पोपडे येणारच. आधी गळती शोधा.

टप्पा ८: कापड आधी, रंग नंतर

भिंतीचा रंग हजारो छटांत मिळतो आणि हवा तसा मिसळून मिळतो. कापड, लाकूड आणि गालिचा तसे मिळत नाहीत. म्हणून सोफ्याचं कापड, पडद्याचं कापड आणि लाकडाच्या पॉलिशचा नमुना हे तिन्ही हातात आल्यावरच रंग निवडा.

सोफ्याच्या कापडाचा मार्टिनडेल आकडा विचारा; कापड घासण्याला किती टिकतं ते तो सांगतो. रोजच्या वापराला १५,००० ते २५,००० च्या आसपासचा लागतो. थेट ऊन येणाऱ्या खिडकीला रेशमी पडदे नकोत, उन्हाने धागाच कमजोर होतो. लावायचेच तर मागे अस्तर द्या.

रंगाचा नमुना जुन्या भिंतीवर लावू नका, जुना रंग डोळ्यांना फसवतो. दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, वाळू द्या, आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवा: खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीशेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर, फरशीला टेकवून, सोफ्याच्या कापडामागे. सकाळी, दुपारी, आणि रात्री तुमच्या ठरलेल्या बल्बखाली बघा. शेडकार्डच्या चौकोनात सौम्य वाटलेला रंग चार भिंतींवर जास्त गडद आणि भडक होतो. दोन छटांत मन अडकलं तर कमी भडक असलेली घ्या.

भिंतीत उंचसखलपणा असेल तर मॅट रंग, तो खड्डे झाकतो. चकाकीचा रंग पुसायला सोपा, पण बाजूने उजेड पडला की लांबीची प्रत्येक रेघ दाखवतो. नवा गिलावा असेल तर त्याला महिनाभर तरी वाळू द्या.

प्रमाणाचं गणित म्हणून साठ-तीस-दहा उपयोगी पडतं: मुख्य रंग साठ टक्के (भिंती, मोठा गालिचा), दुसरा तीस (सोफा, पडदे), तिसरा दहा (उशा, चित्रं). फरशीही या साठात धरा. ती न धरल्याने हिशेब चुकतो.

टप्पा ९: पडदे आणि गालिचा

पडद्याचा रॉड चौकटीच्या किमान १५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटर बाहेर लावा. पडदे उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते आणि खिडकी मोठी दिसते. कापड रॉडच्या लांबीच्या दोन ते अडीच पट घ्या, नाहीतर बंद केल्यावर चुण्याच पडत नाहीत. लांबी फरशीपासून एक सेंटिमीटर वर. खिडकीच्या कठड्याच्या थोडं खाली लोंबणारा पडदा कुठल्याच शैलीत बसत नाही. सुती आणि लिननचं कापड आटतं, म्हणून आधी धुऊन मग शिवायला द्या.

गालिचा लहान घेणं ही जवळजवळ सर्वांची चूक. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे पुढचे पाय तरी त्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली घालणार असाल तर तो टेबलाच्या प्रत्येक बाजूने ६० सेंटिमीटर बाहेर यावा, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी मागचे पाय कडेवर अडत नाहीत. माप नक्की करायला पुन्हा टेप लावा.

टप्पा १०: भिंतीवर आणि टेबलावर

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर. सोफ्यावर लावताना सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत १५ ते २५ सेंटिमीटर, आणि चित्राची किंवा चित्रांच्या गटाची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. मोठ्या सोफ्यावर एकच छोटी फ्रेम हरवते. बऱ्याच फ्रेम लावायच्या असतील तर त्यांच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून आधी ते भिंतीवर चिकटवा, हलवा, मनासारखं जमलं की तुकड्यावरूनच भोक पाडा. फ्रेममधलं अंतर सगळीकडे सारखं, पाच ते आठ सेंटिमीटर. जड आरशाला एका खिळ्यावर सोडू नका. दोन गिट्ट्या (भिंतीत बसवायचे प्लग) आणि दोन स्क्रू, आणि भोक पाडण्यापूर्वी त्या जागेच्या सरळ वर-खाली स्विच किंवा पॉइंट आहे का ते बघा, कारण वायर बहुधा त्याच रेषेत असते. आरसा लावण्याआधी त्याच्या जागी उभं राहून समोर बघा. जे दिसेल ते खोलीत दुप्पट होणार आहे.

उशा, फुलदाण्या, झाडं आता आणा. टप्पा ३ मध्ये लिहिलेल्या पाच ओळी जवळ ठेवा आणि दुकानात प्रत्येक वस्तू त्यांच्याशी ताडून बघा. दोनपेक्षा कमी ओळींशी जुळत असेल तर ती कितीही सुंदर असली तरी दुसऱ्या खोलीची आहे. सगळे कोपरे एका आठवड्यात भरू नका. महिनाभर खोली तशीच वापरल्यावर कुठला कोपरा खरोखर रिकामा आहे आणि कुठला नुसता मोकळा आहे ते वेगळं दिसायला लागतं, आणि उरलेली खरेदी तेवढ्यापुरतीच करता येते.